मदत हवी आहे: नाटकाच्या सेटसाठी जुने कंटेनर स्वस्तात कुठं मिळतील? (लवकर सांगा)

लाखांदूरचा_पोट्टा | ४ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) मंडळाचं नाटक आहे. दुसऱ्या अंकाला कंपनीचे जुने कंटेनर पाहिजेत. चार ठिकाणी विचारलं तर जो तो वाट्टेल तो भाव सांगून राहिला. स्वस्तात कुठं मिळतील? गंज असला तरी चालते, उलट गंज पाहिजेच. जवळपासचं सांगा, नागपूर लांब पडते. दिवस कमी आहेत. ज्याला माहीत आहे त्यानंच सांगा, उगाच फाटे फोडू नका.

संत्रानगरी | ५ जानेवारी, सकाळी ७:०५

वीस फुटी पाहिजे की चाळीस फुटी? नागपूरला कंटेनर डेपो आहे, त्या धंद्यातले दलाल जुने कंटेनर मिळवून देतात. पण एक लक्षात घ्या, वीस फुटी रिकामा कंटेनरसुद्धा सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. ८ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. उतरवायला हायड्रा क्रेन लागेल आणि ती तुमच्या पटाच्या दानीत, म्हणजे बैल धावतात त्या पट्टीत, कशी शिरणार ते तुम्हीच पाहा. मी शेतावर असाच एक आणून त्याची खोली केली. पहिल्या मे महिन्यात आत पाय ठेवला आणि तसाच बाहेर आलो. नंतर वर तनीस (धानाचा पेंढा) टाकलं, आतून थर्माकोल लावला, दोन खिडक्या पाडल्या. आता बरं आहे. फोटो पाहिजे असल्यास टाकतो.

वैनगंगेकाठी | ५ जानेवारी, सकाळी ७:५२

गंज कशाला पाहिजेत जी? नाटकात पंगत आहे का? आमच्या महिला मंडळाकडे ॲल्युमिनियमचे चार मोठे गंज आहेत, वीस-वीस किलो भात शिजते एकेकात. झाकणासहित देऊ. फक्त परत करताना घासून आणा.

लाखांदूरचा_पोट्टा | ५ जानेवारी, सकाळी ८:१०

ताई, गंज म्हणजे भांडं नाही हो. जंग. लोखंडाला लागतो तो. पुस्तकी लिहायला गेलो आणि फसलो.

आणि संत्रानगरी भाऊ, ट्रकवरचा कंटेनर नाही. ड्रम. गोल. उभा. स्क्रिप्टमध्ये 'कंटेनर' लिहिलं आहे म्हणून मी कंटेनर लिहिलं.

मुक्काम_लातूर | ५ जानेवारी, सकाळी ८:३१

मग सरळ टिपाड म्हणा की राव! आमच्याकडं सगळे टिपाडच म्हणतात. पाण्याचं टिपाड, डांबराचं टिपाड.

हिंगणा_नाका | ५ जानेवारी, सकाळी ९:१५

मी एमआयडीसीत स्टोअरला आहे, रोज हेच ड्रम मोजतो. पण तुम्ही काहीच सांगितलं नाही. किती पाहिजेत? लोखंडी की प्लास्टिकचे? वरचं झाकण रिंग लावून पूर्ण निघतं तसे, की नुसते दोन बूच असलेले? एकावर एक रचायचे आहेत का? त्यावर कोणी चढणार आहे का? विकत पाहिजेत की एका रात्रीपुरते? नाटक कोणत्या तारखेला? पैसे किती? एवढं सांगा, मग बोलू.

लाखांदूरचा_पोट्टा | ५ जानेवारी, सकाळी ९:२०

४० तरी लागतील. गोदाम भरलेलं दिसलं पाहिजे. बजेट ८ हजार. गाडी आहे.

हिंगणा_नाका | ५ जानेवारी, सकाळी ९:४४

आठ प्रश्न विचारले, दोन उत्तरं आली. असो.

२०० लिटरचा लोखंडी ड्रम रिकामा असला तरी सतरा-अठरा किलो भरतो. आमच्या इथला कबाडी लोखंड किलोला तीसच्या आसपास घेतो. म्हणजे पाचशेच्या वर तर नुसत्या लोखंडाचे झाले. तुमच्या हिशेबात एका ड्रमला दोनशे रुपये बसतात. भंगाराच्या भावाखाली ड्रम कोण देईल? जो देईल त्याच्या ड्रमात काय होतं ते आधी विचारा.

निळे प्लास्टिकचे घ्या. नऊ-दहा किलो वजन, पोरं एका हातानं उचलतात. मी गेल्या वर्षी शेतावर पाण्यासाठी आठशेला एक आणला. नाटक झाल्यावर गावात पाण्यासाठी, कोंड्यासाठी हातोहात विकले जातील. बुटीबोरी, हिंगणा दोन्हीकडे वापरलेले ड्रम धुऊन विकणारे आहेत.

लाखांदूरचा_पोट्टा | ५ जानेवारी, सकाळी ९:५१

८ हजारात १० येतात मग. मले ४० पाहिजे. अन् नागपूर लांब पडते हे मी वरच लिहिलं आहे.

पुण्यात_अडकलेला | ५ जानेवारी, दुपारी १२:३०

मूळचा साकोलीचा, इथं प्रायोगिक नाटकं करतो. माझं मत विचाराल तर चाळीस ड्रम ही कल्पनेची गरिबी आहे. रंगमंचाच्या मधोमध एकच ड्रम ठेवा, वरून एक झोत टाका. बाकी गोदाम प्रेक्षकांच्या मनात उभं राहील.

वैनगंगेकाठी | ५ जानेवारी, दुपारी १२:५८

भाऊ, इथला प्रेक्षक तिकीट काढून, अंगावर चादर घेऊन रात्री दहापासून कोंबडा आरवेपर्यंत बसते. त्याले गोदाम म्हटलं की गोदाम दिसलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर नाटकाची आरती निघते. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, नाटकाले हसू नका. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी.

पुण्यात_अडकलेला | ५ जानेवारी, दुपारी १:०४

हसलो कुठं? एक पर्याय सांगितला.

कृषीकेंद्र_अर्जुनी | ५ जानेवारी, दुपारी २:२०

कोणीतरी आता कीटकनाशकाचे डबे-कॅन सुचवेल, त्याआधी लिहितो. ते घेऊ नका. धुतले तरी घेऊ नका. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली ते विसरलो का आपण? डब्यावरच्या चिन्हात खालचा त्रिकोण लाल असेल तर अतिविषारी, पिवळा त्याच्या खालचा, मग निळा, मग हिरवा. आमच्या दुकानात लोक रिकामे कॅन मागायला येतात, रॉकेल ठेवायला, कधी पाणी ठेवायला. मी भोक पाडून ठेवतो. त्यावरून शिव्या खातो, पण भोक पाडतोच.

मोठ्या ड्रमवरही लेबल पाहा. आगीची ज्वाला, कवटी किंवा हातावर पडणारा थेंब काढलेला असेल तर तो ड्रम नाटकात नको. लेबल खरवडून काढलेलं असेल तर मुळीच नको.

संत्रानगरी | ५ जानेवारी, दुपारी ३:११

बरोबर. आणि गॅस कटरनं कापू नका. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत वाफ राहते. आमच्या गावाजवळच्या एका वेल्डिंगच्या दुकानात ऑइलचा ड्रम कापताना झाकण छपरातून वर गेलं होतं. कारागीर वाचला, पण अजून एका कानानं ऐकू येत नाही. "दोनदा धुतला होता" म्हणतो. धुऊन भागत नाही. खोलीसाठी कंटेनर कापायचा तर ती भीती नसते, तो उघडाच असतो.

हिंगणा_नाका | ५ जानेवारी, दुपारी ३:२५

कंटेनरची खोली कोणी विचारली आहे का इथं?

लाखांदूरचा_पोट्टा | ५ जानेवारी, दुपारी ४:४०

धन्यवाद, पण ड्रम कुठं मिळतील हे अजून कोणी सांगितलं नाही. पट १४ तारखेला आहे.

हिंगणा_नाका | ५ जानेवारी, दुपारी ४:४२

आता सांगता का १४ तारीख!

पडदेवाला | ५ जानेवारी, रात्री ९:१८

मी वडशाचा. तीस वर्षं नाटकाचे पडदे रंगवले, आता डोळ्यानं कमी दिसते म्हणून पोरगा टाइप करून राहिला, मी सांगून राहिलो.

बेटा, तुले ड्रम नाही पाहिजेत. ड्रमाचं तोंड पाहिजे. लोक समोरून पाहतात. पुढची रांग खरी ठेव, सात-आठ, त्यातले दोन-तीन चढण्यासारखे पक्के. मागचे सगळे खोटे.

खोटे कसे करायचे ते सांगतो. २०० लिटरच्या ड्रमाचा घेर सहा फुटाले बोटभर कमी, उंची तीन फुटाले बोटभर कमी. म्हणजे सहा बाय तीनचा जुना फ्लेक्स एका ड्रमाले बरोब्बर बसते. फ्लेक्स गावात फुकट आहे. वाढदिवस झाला, निवडणूक झाली की कोणीच नेत नाही, गोठ्यावर टाकतात. छापलेली बाजू आत, पांढरी बाहेर. आत काय पाहिजे? बांबू. बांबूकाम करणाऱ्याकडून धानाच्या ढोलीसारखा गोल विणून घे, पण ढोलीसारखा दाट नाही, विरळ. वर एक कडं, मध्ये दोन, खाली एक. धान ठेवायचं नाही त्याच्यात, उभा राहिला म्हणजे झालं.

ड्रमाच्या पोटावर दोन उंच वळ्या असतात ना, त्या दिसल्या नाही तर लांबून ते ड्रम वाटत नाही, पाण्याची टाकी वाटते. त्याच्यासाठी ठिबकची जुनी नळी घे, १६ मिलीमीटरची, शेतात पडलीच असते. फ्लेक्सच्या आतून दोन जागी गोल बांध आणि वरून फ्लेक्स ताण. वळी उठते.

रंग आधी गुंडाळून मग मार. सपाट ठेवून रंगवला तर गुंडाळताना तडे जातात. निळा किंवा हिरवा ऑइल पेंट एक हात. तो पुरता वाळायच्या आत लाकडाचा भुसा हातानं फेकून मार, जिथं जंग पाहिजे तिथंच. दुसऱ्या दिवशी त्या भुशावर गेरू, फेविकॉलच्या पाण्यात कालवून. त्यावर थोडी काजळी. आणि जंग कुठंही लावू नको. ड्रमात पाणी खाली साचते, म्हणून खालच्या काठाले पहिले लागते. मग बुचाच्या खाली एक ओघळ, जिथून माल सांडते तिथं. मधल्या पोटावर जंग लावणारा पेंटर मी उभा करत नाही.

हिंगणा_नाका | ५ जानेवारी, रात्री ९:४०

काका, मान गये. पण फ्लेक्स चमकतो. एलईडी पडली की लांबूनच प्लास्टिक कळते. त्यापेक्षा खरे निळे ड्रम.

पडदेवाला | ५ जानेवारी, रात्री ९:५५

भुसा कशासाठी सांगितला मग? आणि तुमच्या निळ्या प्लास्टिकवर ऑइल पेंट धरते का? आधी पॉलिश पेपरनं घासा, चाळीस घासा, मग हात पाहा. त्यातही वाऱ्याची एक झुळूक आली की रिकामे प्लास्टिकचे ड्रम गडगडत पहिल्या रांगेत. माझ्या डोळ्यासमोर झालं आहे. नायिका इकडं रडून राहिली, तिकडं ड्रम लोळून राहिला.

हिंगणा_नाका | ५ जानेवारी, रात्री १०:०२

खाली वीस लिटर पाणी टाकायचं, वीस किलो वजन होतं, हलत नाही.

पडदेवाला | ५ जानेवारी, रात्री १०:०६

आणि ते पाणी पहाटे चार वाजता सेट बदलताना तू उचलणार का?

वैनगंगेकाठी | ६ जानेवारी, सकाळी ६:४८

ड्रम कुठूनही आणा, पण आमच्या बाजूनं गडचिरोली जिल्ह्यातून आणत असाल तर मंडळाचं पत्र सोबत ठेवा. इथं १९९३ पासून दारूबंदी आहे आणि मोहाचा सडवा (दारूसाठी आंबवलेला मोह) याच ड्रमात सापडते. आम्ही स्नेहसंमेलनाच्या पाण्यासाठी सहा रिकामे निळे ड्रम आणत होतो, तर एका नाक्यावर गाडी थांबवली. एका हवालदारानं एकेका ड्रमात डोकं घालून वास घेतला. पाचव्याले त्याची टोपी आत पडली. मग मात्र सगळे हसलो आणि सोडलं.

संत्रानगरी | ६ जानेवारी, सकाळी ७:३०

चंद्रपूरची बंदी २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली, तरी काय फरक

लाखांदूरचा_पोट्टा | ६ जानेवारी, सकाळी ७:३३

दारूबंदीवर इथं नको. हात जोडतो.

पडदेवाला काका, तुमचा उपाय पटला. बांबूवाल्याशी आजच बोलतो. पण समोरचे आठ खरे कुठून आणू? आणि सांगायचं राहिलंच, दुसऱ्या अंकात खलनायक त्यावर उडी मारून चढते आणि भाषण देते. तो ९० किलोचा आहे.

हिंगणा_नाका | ६ जानेवारी, सकाळी ७:५०

मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "त्यावर कोणी चढणार आहे का?"

रस्त्यावरचा_माणूस | ६ जानेवारी, सकाळी ८:४५

मी रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे. जवळपास डांबरीकरण सुरू असेल तर कॅम्पवर विचारा. पूर्वी डांबराच्या ड्रमांचे डोंगर असायचे, आता मोठ्या कामावर डांबर टँकरनं येते, पण छोट्या कामावर ड्रम अजून असतात. साहेब कोणी नसतो, मेट (मुकादम) असतो, त्याला नाटकाचं आमंत्रण द्या. एका रात्रीपुरते फुकट मिळतील. पण डांबराच्या ड्रमाचा पत्रा पातळ आणि एक तोंड बहुतेक फोडलेलं. ९० किलोचा माणूस उडी मारेल तर कमरेपर्यंत आत जाईल. चढण्यासाठी ऑइलचे ड्रम वेगळे घ्या, गॅरेजवर किंवा ज्याच्याकडे जेसीबी आहे त्याच्याकडे असतात. आणि पाय झाकणावर नाही, काठावर आला पाहिजे. तीन ड्रम जवळ-जवळ ठेवून काठांवर प्लायचा जाड तुकडा टाका, खाली दोन पट्ट्या ठोका म्हणजे सरकत नाही.

रातकिडा | ६ जानेवारी, दुपारी १:१५

साऊंडवाला बोलतो. दोन गोष्टी कोणीच सांगितल्या नाहीत.

एक, रिकामा लोखंडी ड्रम म्हणजे ढोल. वर नव्वद किलोचा माणूस चालला की वर टांगलेल्या माईकमध्ये त्याचं भाषण कमी, ढुम ढुम जास्त. आत तनीस कोंबा, गच्च. प्लायच्या खाली बारदाना घडी करून टाका.

दुसरी जास्त महत्त्वाची. बूच उघडं ठेवा. दिवसभर ड्रम उन्हात तापतो, आतली हवा फुगते. बूच घट्ट असलं आणि रात्री थंडी पडली की हवा आकसते आणि पत्रा एकदम आत ओढला जातो. आवाज बंदुकीसारखा येतो. गेल्या वर्षी जानेवारीत एका गावी पहाटे तीनला, मरणाच्या प्रसंगात, नायकाची आई "माझ्या लेका" म्हणते आणि मागून टण्ण! लोकांना वाटलं गोळी घातली. टाळ्या पडल्या. आईला पुढचं वाक्य आठवेना. तिसऱ्या वेळी वाजला तेव्हा विंगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे तो ड्रम मारा!"

मुक्काम_लातूर | ६ जानेवारी, दुपारी १:४०

टिपाड.

पुण्यात_अडकलेला | ६ जानेवारी, दुपारी २:०५

रातकिडा भाऊ, हा आवाज मुद्दाम वापरता येईल. खलनायकाच्या भाषणात ड्रम आपोआप वाजतात, जणू गोदामच बोलतंय.

रातकिडा | ६ जानेवारी, दुपारी २:०९

वेळेवर वाजवून दाखवा, मी माईक लावतो.

लाखांदूरचा_पोट्टा | १० जानेवारी, रात्री १०:५०

मंडळी, हालहवाल. अर्ध्या तासाच्या अंतरावर रस्त्याचं काम सुरू आहे, तिथल्या मेटनं डांबराचे ९ ड्रम दिले. पैसे नाही घेतले, पहिल्या रांगेतले चार पास मागितले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आरामात बसले. ऑइलचे ३ आमच्याच गावात निघाले, ज्याच्याकडे शोधायला गेलो नव्हतो त्याच्याच घरामागं. बांबूचे १६ होऊन राहिले, एकाचे दीडशे, म्हणजे चोवीसशे. फ्लेक्स खरंच फुकट मिळाले. आतून सरपंचाचा चेहरा आहे, बाहेरून जंग. एकूण २८ झाले. काका म्हणतात मागच्या पडद्यावर आणखी दोन रांगा रंगवून टाक, कोण मोजते.

पडदेवाला | १० जानेवारी, रात्री ११:१०

फोटो पाठव. ओघळ बुचाच्या खालीच काढला ना?

लाखांदूरचा_पोट्टा | १३ जानेवारी, सायंकाळी ६:२५

काढला काका, फोटो पाठवला आहे.

आता नवीन भानगड. आज दुपारी रंगीत तालीम घेतली. डांबराचे ड्रम उन्हात होते, बुडाशी उरलेलं डांबर पाघळलं. वडशावरून आलेल्या बाई ड्रमाला टेकून रडल्या आणि साडीला मागून हातभर डांबर. साडी भाड्याची आहे. उद्या रात्री नाटक. कशानं निघते? लवकर सांगा.

संत्रानगरी | १३ जानेवारी, सायंकाळी ६:३१

पेट्रोल.

कृषीकेंद्र_अर्जुनी | १३ जानेवारी, सायंकाळी ६:३३

पेट्रोल नको, मांडवात लोक विड्या ओढतात. कापड कोणतं आहे?

वैनगंगेकाठी | १३ जानेवारी, सायंकाळी ६:४०

सुती आहे की नायलॉन हे सांगणार नाहीतच ते, मीच सांगते. आधी बर्फाचा तुकडा फिरवा, डांबर कडक होते, मग चमच्याच्या मागच्या बाजूनं खरवडा. घासू नका, पसरते. उरलेल्यावर खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवा, सुटते. मग भांड्याचं साबण आणि कोमट पाणी. आधी पदराच्या आतल्या टोकाले करून पाहा, रंग जाते का. आणि डांबराच्या ड्रमावर बारदाना बांधा, नाहीतर उद्या खलनायक तिथंच चिकटते.

लाखांदूरचा_पोट्टा | १३ जानेवारी, सायंकाळी ६:४२

नायलॉन आहे ताई. बर्फ कुठं मिळते आत्ता, जानेवारीत?

वैनगंगेकाठी | १३ जानेवारी, सायंकाळी ६:४४

पटात आइस्क्रीमची गाडी आली असंल ना जी!